आबांची टोपी

पुट्.

एवढाच आवाज झाला. चैत्र उतरत आला होता, दुपारचे अडीच वाजले होते. म्हसावदच्या नव्या प्लॉटातली कुत्रीसुद्धा या वेळी भुंकायचं काम संध्याकाळवर ढकलतात. काजलनं तासभर थोपटून ध्रुवीला नुकतंच झोपवलं होतं आणि दिवसभरातला तिचा स्वतःचा असा एकुलता एक कप चहा शेगडीवर चढवला होता. त्याला पहिला बुडबुडा यायच्या आत शेगडी विझली.

काजलनं लायटर दाबला. निळ्या ज्योतीनं एकदा मान वर काढली, घाईतल्या पाहुण्यासारखं इकडेतिकडे पाहिलं आणि ती गेली.

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. जमनाबाई गाढ झोपेत होत्या, पण घरातली शेगडी विझल्याचं त्यांना झोपेतही कळतं.

"विझनी का वं?"

"हो माय."

"मंग आबासले सांग ना..." म्हणता म्हणता जमनाबाई पूर्ण जाग्या झाल्या. सांगायला सुकलाल आबा आता नव्हते. त्यांना जाऊन दहा महिने झाले होते.

शेगडी विझली म्हणून सासऱ्यांना कशाला सांगायचं, असं कुणाला वाटेल. तर नव्या प्लॉटातल्या ऐंशी घरांना जो गॅस येतो तो आबांनी आणलेला. गावाच्या कडेला वीरसिंगचा साठ म्हशींचा गोठा आहे. त्याच्या शेजारी खड्डा खणून, सगळ्यांच्या दारी शंभर वेळा जाऊन, आबांनी गोबरगॅसची सोसायटी उभी केली. नळातून पाणी यावं तसा पाइपातून गॅस येऊ लागला. खड्ड्यावर पालथं घातलेलं एक प्रचंड लोखंडी पिंप आहे. गॅस साठला की ते आपोआप वर येतं, वापरला की खाली बसतं. काजल लग्न होऊन आली तेव्हा आबांनी तिला पहिल्यांदा गच्चीवर नेलं ते हे दाखवायला. पुढे केळीची बाग, मागे निळा सातपुडा आणि मध्ये हे पिंप. क्रेननं आणून ठेवावं लागलेलं ते लोखंड, खालून कुणाचाही हात नसताना, पहाटेपासून तसूतसूनं वर चढत होतं. काजल पदर धरून पाहतच राहिली होती. चिंचपाड्याच्या माहेरी तिनं देवळं पाहिली होती, चर्च पाहिलं होतं, पण शेणाला एवढी ताकद असेल असं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

ध्रुवी बोलायला लागल्यावर तिनं त्या पिंपाला 'आबांची टोपी' असं नाव दिलं. आजोबा-नात रोज सकाळी गच्चीवर जात. "टोपी कथी शे?" आबा विचारत. "वर!" ध्रुवी सांगे. मग आबा खाली येऊन चहा घेत. आबा गेल्यावरही साडेचार वर्षांची ध्रुवी रोज एकटी जिना चढून जाई आणि खाली येऊन बातमी देई. ती ऐकायला आता फक्त काजल असे.

त्या दुपारी झोपेतून उठल्या उठल्या ध्रुवी गच्चीवर जाऊन आली.

"आई, टोपी खाली आहे."

आता हे जरा अडचणीचं होतं. आठ दिवसांवर आखाजी आली होती. खानदेशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणींनी माहेरी यायचं, झोके बांधायचे, आणि घराघरात पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरायची. ज्या घरातलं माणूस वर्षभरात गेलं, त्या घरी त्याची पहिली घागर. चाळीस माणसं जेवायला, खापरावरचे मांडे, आंब्याचा रस, सगळं रीतसर. हे कोणतंही घर पार पाडतं. पण आबांनी गॅस सुरू झाला त्या दिवशी ऐंशी घरांसमोर हातात माइक घेतला होता, आणि माइक हातात आल्यावर माणूस चार शब्द जास्त बोलतो. "मी ऱ्हाऊ का नहीं ऱ्हाऊ," आबा म्हणाले होते, "मन्ही घागरना सयपाक बी याच गॅसवर व्हई."

लोक हसले होते. जमनाबाई हसल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी तो शब्द होता. शब्द देणारा गेला म्हणजे तो पाळायची जबाबदारी घरावर येते, आणि घर म्हणजे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघर म्हणजे काजल. अंगणात तीन दगड मांडून लाकडं पेटवावीत असं काजलच्या नवऱ्यानं, हेमकांतनं, एकदाच सुचवलं. जमनाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की जिल्हा परिषदेच्या शाळेत बारा वर्षं पोरांना धाक घालणारा तो मास्तर पाणी प्यायला आत निघून गेला. घरातला सिलिंडर तर आबांनी केव्हाच लेकीला, शीलाला, सुरतेला देऊन टाकला होता. एका घरात दोन आगी नकोत, असं त्यांचं म्हणणं.

तरीही सगळं निभावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सोसायटीनं प्लॉटाच्या ग्रुपवर सूचना टाकली: "संस्था बंद पडणार असल्याची अफवा निराधार आहे. सभासदांनी घाबरून जाऊ नये." तोपर्यंत ही अफवा कुणीही ऐकलेली नव्हती. सूचना वाचून ती ऐंशी घरांत एकाच वेळी पोचली.

समोरचे प्रेमचंदकाका तहसील कचेरीत चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. ते ओट्यावर येऊन म्हणाले, "अश्या सूचना मी सोता लिखेल शेतस. 'घाबरू नका' लिखानं म्हंजे घाबरानी येळ उनी." त्यांच्याकडे पुरावाही होता. वीरसिंगच्या सहा म्हशी टेम्पोत चढताना त्यांनी पाहिल्या होत्या. वीरसिंग गोठा मोडून गुजरातेत जाणार आहे हे त्यांना खापर गावच्या बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. म्हशी गेल्या की शेण गेलं, शेण गेलं की गॅस गेला. सरळ साखळी होती. नव्या प्लॉटात त्या दिवसापासून म्हशींची मोजणी सुरू झाली. सकाळी फिरायला जाणारी माणसं गोठ्यावरून जाऊ लागली आणि परत येऊन वेगवेगळे आकडे सांगू लागली, कारण म्हैस मोजायला उभं राहिलं की ती डुंबायला जाते.

काजल ध्रुवीला कडेवर घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेली. ऑफिस म्हणजे पिंपाशेजारची एक खोली, आणि त्यात भटू. शेण कालवणारा भटू, तक्रार लिहून घेणारा भटू आणि व्यवस्थापकही भटूच. तो फावडं हातात घेऊन उभा होता. सोसायटी बंद पडणार का, असं तिनं विचारलं. हे व्यवस्थापकाला विचारा, असं तो म्हणाला. मग त्यानं हात धुतले, खुंटीवरचा शर्ट घातला, टेबलामागे जाऊन बसला आणि म्हणाला, "बोला."

बंद पडण्याबद्दल व्यवस्थापकालाही काही माहीत नव्हतं. पण कार्याच्या दिवशी एखाद्या घराला जादा गॅस राखून ठेवायची सोय नियमात होती. काजलचा जीव भांड्यात पडला. भटूनं अर्ज पुढे केला. खाली लिहिलं होतं, ज्याच्या नावे जोडणी त्यानंच समक्ष येऊन सही करावी. जोडणी सुकलाल आबांच्या नावे होती.

"पण त्यांचीच घागर आहे ना, भटूभाऊ."

भटूनं मान हलवली. मग नाव बदलून घ्यावं. नाव बदलायचं तर मूळ नावाच्या माणसाची संमती. तीही समक्ष.

"असला नियम केला कोणी?"

भटूनं बोटानं मागच्या भिंतीकडे दाखवलं. हार घातलेल्या फोटोत आबा मंद हसत होते. "आबा म्हनेत," भटू खाली बघत म्हणाला, "भटू, मन्हा घरना मानूस उना तरी नियम मोडू नको." आणि त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. हे व्यवस्थापकाला शोभणारं नव्हतं म्हणून असेल, त्यानं आधी शर्ट काढून खुंटीवर अडकवला आणि मग नीट पुसले. काजल अर्ज घडी करून परत आली. राग कुणावर करायचा तेच तिला ठरवता येईना.

हेमकांतनं घरी मोबाइलवर वाचून ठेवलं होतं. गॅस किंवा वीज पुरवणारी संस्था बुडेल असं वाटलं तर शहाण्या माणसानं काय करावं, याचं उत्तर त्याला मिळालं होतं. मीटरचा फोटो काढावा. कागद सांभाळावेत. शांत राहावं. आणि मुख्य म्हणजे, स्वतःहून काहीही करू नये. हे शेवटचं त्याला फार आवडलं. तो रोज सकाळ-संध्याकाळ मीटरचा फोटो काढू लागला, कधी उजवीकडून, कधी डावीकडून. "लोक येड्यासारखे वागतील," तो काजलला म्हणाला. "आपण शिकलेली माणसं आहोत."

तिसऱ्या दिवशी शिकलेला माणूस ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची ट्यूब घेऊन घरी आला.

त्याचं असं झालं, की कोपऱ्यावरच्या अकीलच्या पंक्चरच्या दुकानासमोर त्याला रांग दिसली. गोबरगॅस ट्यूबमध्ये भरून ठेवता येतो, हे शेतावरच्या लोकांना आधीपासून ठाऊक. अकीलनं जुन्या ट्यूबांना तोट्या बसवून द्यायला सुरुवात केली होती. रांगेत उभा प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता की आपण फक्त चौकशीला आलो आहोत. प्रेमचंदकाका तर पाठीमागे उभं राहून लोकांना साठेबाजीचे तोटे समजावत होते. त्यांच्या पायाशी तीन ट्यूबा होत्या. त्या कुणाच्या हे त्यांना माहीत नव्हतं.

ट्यूब भरायला चार तास लागले. चार तास हेमकांत स्वयंपाकघरात स्टुलावर बसून होता, दूध उतू जाईल अशा नजरेनं तिच्याकडे पाहत. भरलेली ट्यूब काही केल्या दारातून बाहेर जाईना. शेवटी तिला वाकवून, दाबून, दोघांनी पुढच्या खोलीत आणलं आणि आबांच्या फोटोखालच्या दिवाणावर ठेवलं. त्यावर जमनाबाईंनी चादर घातली. येणाऱ्याला वाटावं की घरात कुणीतरी जाडजूड माणूस आजारी आहे.

मग चाचणी. ट्यूबमधला गॅस शेगडीपर्यंत जायला वरून वजन हवं. ध्रुवी बसली, ज्योत आली नाही. काजल बसली, ज्योत कुरकुरली. जमनाबाईंनी पदर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि बसल्या. आतल्या शेगडीवर निळ्या पाकळ्यांचं फूल असं उमललं की काजल हातातलं भांडं ठेवायची विसरली. तिचा तो अडलेला चहा त्या दिवशी सासूच्या वजनावर झाला. चहा पिताना तिला एकदम भरून आलं. या घरातली बाई पंचेचाळीस वर्षं सगळ्यांसाठी चुलीपुढे बसली. आता ती बसल्यावर चूल पेटत होती.

आनंदाच्या भरात हेमकांतनं आणखी एक ट्यूब आणली. ही मात्र नळी बाहेर काढून अंगणातच भरली आणि कडुनिंबाच्या सावलीत ठेवली. "चाळीस माणसांचं होऊन जाईल," तो म्हणाला.

सगळ्या प्लॉटात हेच चाललं होतं. आणि रोज सकाळी ध्रुवी गच्चीवरून खाली येऊन सांगत होती, टोपी अजून खाली गेली. टोपी खाली गेली म्हणून लोक घाबरत आणि ट्यूब भरायला लावत, ट्यूबा भरल्या म्हणून टोपी आणखी खाली जाई. भटूनं सूचनेवर सूचना टाकल्या. प्रत्येक सूचनेनंतर अकीलच्या दुकानातल्या दोन-तीन ट्यूबा खपत. वीरसिंगच्या म्हशी बिचाऱ्या जेवढं द्यायच्या तेवढं देतच होत्या. आखाजीच्या आदल्या संध्याकाळी टोपी तळाला टेकली. काजल कठड्याशी उभी राहून पाहत होती. तिला एकदम जाणवलं की आतल्या शेणापेक्षा बाहेरच्या ऐंशी घरांचा भरवसाच त्या लोखंडाला इतकी वर्षं उचलून धरत होता. तो काढून घेतल्याबरोबर ते खाली बसलं. तिचीही त्यात दोन ट्यूबांची भर होती.

"आगारीले गवरी कथी शे?" जिन्याखालून जमनाबाईंनी विचारलं.

आगारी म्हणजे पितरांचा घास. निखाऱ्यावर तूप सोडायचं, त्यावर नैवेद्याचे घास ठेवायचे, आणि उठणाऱ्या धुरातून गेलेलं माणूस जेवतं. निखारा लागतो तो गोवरीचा, गॅसवर आगारी होत नाही. आणि सगळं शेण सोसायटीला द्यायचं, कुणी गोवऱ्या थापायच्या नाहीत, हाही आबांचाच नियम. साठ म्हशींच्या गावात शोधून एक गोवरी मिळेना. हेमकांतनं मोबाइलवर गोवऱ्यांची मागणी नोंदवली. त्या मिळणार होत्या आखाजीनंतर चौथ्या दिवशी.

आखाजीची सकाळ उजाडली. पाइपातून श्वाससुद्धा येत नव्हता. दिवाणावरच्या ट्यूबवर जमनाबाई बसल्या आणि काजलनं मोठ्या शेगडीवर हरभऱ्याची डाळ चढवली. डाळ शिजली, पुरण झालं, ट्यूब चपटी झाली आणि जमनाबाई हळूहळू दिवाणाला टेकल्या. ठरल्याप्रमाणेच होतं सगळं. मांड्यांसाठी अंगणातली ट्यूब होती.

त्याच वेळी सुरतेहून शीला आली.

शीला म्हणजे हेमकांतची थोरली बहीण, एकेचाळीस वर्षांची. आबा गेल्यावर माहेरी पहिल्यांदाच येत होती. रिक्षातून उतरली ती अंगणातच थबकली. आखाजीचा दिवस, कडुनिंबाची फांदी आणि तिच्याखाली फुगवून ठेवलेली ट्यूब. लहानपणी आबा दर आखाजीला तिला त्याच फांदीला ट्यूबचा झोका बांधून देत. आबा गेले तरी भावानं आठवण ठेवली, या विचारानं तिला हुंदका फुटला. ती आत आलीच नाही. ओसरीवरचा दोर तिनं स्वतः फांदीवर टाकला, ट्यूब बांधली, तोटीला लावलेला चिमटा आड येतो म्हणून काढून ठेवला, आणि बसली. मग तिनं आखाजीचं गाणं सुरू केलं. आवाज तिचा मोठा आहे. गॅस जात होता त्याचा फुस्कारा त्या गाण्यात कुणालाच ऐकू आला नाही. काजलला वास आला म्हणून ती बाहेर धावली, तेव्हा शीलाताई गुडघ्यांत हात गुंफून, रिकाम्या रबराच्या घडीत बसून, डोळे मिटून शेवटचं कडवं म्हणत होत्या.

आखाजीला माहेरी आलेल्या लेकीला कुणी रागावत नाही. तशी रीतच आहे.  हेमकांतनं आत जाऊन मीटरचा फोटो काढला. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

काजल स्वयंपाकघरात येऊन जमिनीवर बसली. परातीत मांड्यांचं पीठ तेल पिऊन मऊ पडलं होतं, पुरणाचे गोळे रांगेत मांडले होते, खापर पालथं घालून तयार होतं. बाराला माणसं येणार होती. जमनाबाई समोर बसल्या होत्या.  त्यांनी कपाळावरून हात फिरवला.

"माय, लाकडं पेटवू का?" काजलनं विचारलं.

जमनाबाई म्हणाल्या, "पेटाव बेटा." मग भिंतीकडे बघत, "जानारा मानूस कितलं बी बोली जास."

हे शब्द त्यांनी आबांना माफ केल्यासारखे म्हटले. काजलला ते सहन झालं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पीठ खारट होऊ नये म्हणून तिनं परात तेवढी बाजूला सरकवली.

मधल्या भिंतीपलीकडे अकीलची बायको शबाना राहते. भिंत एकाच विटेची. शीलाचं रडणं, गाणं, मग वास आणि मग ही शांतता, सगळं तिच्यापर्यंत पोचलं होतं. पाच मिनिटांत ती दारात उभी राहिली. डोक्यावर दोन्ही हातांनी तोललेली फुगलेली काळी ट्यूब. दारातून ती आत येईना, म्हणून शबानाभाभी बाहेरूनच म्हणाली, "काजलभाभी, चूल अंगण में लाओ. आबा का खाना है."

"तुमच्या घरी आज काय कराल?"

"अकील की दुकान में एक ट्यूब नहीं बची, और मेरे घर में चार हैं," ती म्हणाली. "मेरी फिकर मत करो."

मोठी शेगडी अंगणात आली. शबानाभाभीनं ट्यूब खाली टाकली, वर बसली आणि म्हणाली, वजनाचं काम तिच्यावर सोपवावं, अल्लानं तिला ते भरपूर दिलंय. ज्योत आली. खापर तापलं. काजलनं हातांवर पहिला मांडा फिरवायला घेतला. पिठाची ती पारदर्शी चादर कोपरापर्यंत मोठी होत गेली आणि खापरावर पडली तेव्हा फाटकाचा आवाज झाला.

प्रेमचंदकाका आले होते. दोन खांद्यांवर दोन ट्यूबा, आणि मागे त्यांच्या बायकोच्या, तुळशीबाईंच्या हातात तिसरी. काकांची नजर जमिनीवर होती. "ह्या कुनाच्या शेतस माले माहीत नहीं," ते म्हणाले. "घरमा सापडन्यात."

"चौतीस वर्षं कचेरीत हाईच करं त्यासनी," तुळशीबाई म्हणाल्या आणि ट्यूब टेकवून तिच्यावर बसल्या.

आबांच्या घरची चूल विझल्याची बातमी एव्हाना प्लॉटभर झाली होती. मग गल्लीच्या टोकापासून माणसं दिसू लागली. काजलनं उलथणं हातात धरून मान वर केली आणि ती तशीच उभी राहिली. वैशाखाच्या त्या उन्हात, एकामागे एक, डोक्यावर, खांद्यावर, सायकलवर आडव्या बांधलेल्या, दोघांनी कावडीसारख्या धरलेल्या काळ्या गोल ट्यूबा येत होत्या.  जो तो आपली लबाडी उघड्यावर डोक्यावर घेऊन चालला होता आणि कुणालाच तिची लाज वाटत नव्हती. पालखीपुढे उभं राहिल्यावर येतो तसा काजलच्या अंगावर काटा आला.

अकीलनं सहा-सहा ट्यूबा एका नळीला जोडल्या. बसण्याची व्यवस्था वजनाप्रमाणे लागली. एरवी पंगतीत मान कुणाचा यावरून जिथं वाद होतात, तिथं आज सडपातळ माणसं आपणहून मागे सरकत होती. हेमकांतनं ही व्यवस्था वर्ग चालवावा तशी चालवली. "जोर कमी येतोय, डावीकडचे नीट बसा," असं तो म्हणत होता आणि लोक नीट बसत होते. शीलाताई चिमटे मोजून एका डब्यात ठेवत होत्या. ते काम त्यांनी मागून घेतलं होतं. मधोमध निळी ज्योत दोन तास हलली नाही. मांड्यावर मांडा पडत गेला. जमनाबाई एका ट्यूबवर बसून घागरीला दोरा गुंडाळत होत्या, आणि मधूनच उगाच हसत होत्या.

आगारीची वेळ झाली तेव्हा सगळे एकमेकांकडे पाहू लागले. गोवरी नव्हती. तेवढ्यात फाटकातून वीरसिंग आला. आठवडाभर गावानं त्याच्या म्हशी मोजल्या होत्या, त्यामुळे त्याला बघताच ट्यूबांवरची माणसं जरा अवघडली. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यानं ते जमनाबाईंच्या पायाशी ठेवलं. चार गोवऱ्या. हातांची बोटं त्यांवर स्पष्ट उमटलेली.

"नियम मोडी टाका मी," तो म्हणाला. "आबा गयात ना, तधळ थापी ठेवेल होत्यात. माले माहीत व्हतं, लागतीन."

म्हशी नेणार आहेस का, असं त्याला तिथं कुणीच विचारलं नाही. प्रेमचंदकाकांनीही नाही. नेणार नाही, असं तोही म्हणाला नाही. आखाजी झाल्यावर बघू, एवढंच तो भटूला हळूच म्हणाला, आणि भटूनं मान हलवली. त्यात कोणता भटू होता, फावडेवाला की शर्टवाला, ते काजलला कळलं नाही.

निखारे फुलले. हेमकांतनं तूप सोडलं, मांड्याचा तुकडा, रसाचा थेंब, भाताचं शीत ठेवलं. धूर उठला. वारा नव्हता. धूर कडुनिंबाच्या फांदीला न अडता सरळ वर गेला आणि अंगणातल्या सगळ्या माणसांच्या माना त्याच्याबरोबर वर गेल्या.

ध्रुवी मात्र तिथं नव्हती. काजल दचकली, तेवढ्यात जिन्यावरून दडदड पावलं वाजली.

"आई! टोपी वर आली. एवढी." ध्रुवीनं हाताची वीत करून दाखवली.

भटू धावत गच्चीवर गेला आणि तिथूनच त्यानं हात हलवला. खरंच होतं. ऐंशी घरांतली माणसं सकाळपासून या अंगणात बसली होती. त्यांच्या घरी तोट्या बंद होत्या, भरायला एक ट्यूब उरली नव्हती. दोन-तीन तास कुणी काही ओढलं नव्हतं, म्हणून ते लोखंड आपलं आपण, कुणाला न सांगता, वीतभर वर आलं होतं. ट्यूबांवरून हळूच एक मोठा श्वास सुटला. तो ट्यूबांचा होता की माणसांचा, कुणास ठाऊक.

काजलनं ध्रुवीला उचलून कडेवर घेतलं. पोरीच्या केसांना उन्हाचा वास येत होता. ती वर जाणाऱ्या धुराकडे टक लावून पाहत होती.

"आबा जेवले?"

"जेवले."

"ते वर आहेत ना?"

"हो गं."

ध्रुवीनं थोडा विचार केला. आपला पंजा तिनं पालथा केला, हळूहळू वर आणला, मग खाली नेला, आणि त्याच्यावर वाकून, अगदी डोळा लावून, वरून पाहिलं.

"मग आई, इतक्या वरून बघितलं तर आबांना कसं कळतं, टोपी वर येतेय की खाली चाललीय?"